थिनरचा वास उडून जातो, तो कुठे?

साटवलीच्या एका वाचकांचे पत्र या सदराकडे आले आहे. त्यांचा पुतण्या पुण्यात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करतो. गणपतीला घरी आला तेव्हा त्याने सांगितले की, तो प्रयोगशाळेत बाटलीला हातही न लावता संगणकावर 'द्रावके' तयार करून पाहतो. पर्यावरणाला आणि माणसाला कमी बाधणारी द्रावके शोधणे हा त्याचा विषय आहे. पत्रलेखक विचारतात, "डॉक्टर, हे द्रावक म्हणजे काय? ते संगणकात कसे मावते? आणि आमच्यासारख्या लांज्याच्या माणसाच्या तब्येतीशी त्याचा संबंध काय?"

प्रश्न चांगला आहे. मी रसायनशास्त्रज्ञ नव्हे, साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे. परंतु शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या दवाखान्यात रोज येते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

घराला ऑईलपेंट देणारा रंगारी सांगतो, "दुपारनंतर डोकं गच्च होतं, मळमळतं." फर्निचरला पॉलिश करणारा सांगतो, "संध्याकाळी चालताना झोक जातो, लोकांना वाटतं मी प्यायलोय." गॅरेजमधली मुले हाताचे ग्रीस काढायला पेट्रोल वापरतात. त्यांची बोटे फाटतात, भेगांत पू होतो. आणि शीतपेयाच्या बाटलीत ठेवलेले टर्पेंटाईन किंवा रॉकेल पाणी समजून प्यालेले लहान मूल, ही तर कोकणातल्या कोणत्याही डॉक्टरला ठाऊक असलेली धावपळ आहे. वरवर पाहता हे चार वेगळे आजार दिसतात. पण थिनर, टर्पेंटाईन, पेट्रोल, रॉकेल, पंक्चरचे सोल्युशन, नेलपॉलिश काढायचे अ‍ॅसिटोन ही सारी एकाच कुळातली मंडळी आहेत. या कुळाचे नाव द्रावक.

फणसाचा चीक काय शिकवतो

शाळेत आपण शिकलो, की साखर पाण्यात विरघळली तर साखर हे द्राव्य, पाणी हे द्रावक आणि सरबत हे द्रावण. पाण्याइतके स्वस्त, निरुपद्रवी आणि गुणी द्रावक दुसरे नाही. मग दुसरी द्रावके हवीत कशाला?

फणस कापायला बसलेल्या आपल्याकडच्या कोणत्याही बाईला याचे उत्तर माहीत आहे. ती आधी हाताला आणि विळीला खोबरेल तेल लावते. फणसाचा चीक पाण्याने हलत नाही, तेलाने सुटतो. काजूच्या टरफलातल्या तेलाचेही तसेच. जे ज्याच्या जातीचे, ते त्यात विरघळते. मीठ आणि साखर पाण्याच्या जातीची. चीक, ग्रीस, रंग, राळ ही तेलाच्या जातीची. रंगात, डिंकात, औषधात आणि कीटकनाशकात लागणारे कित्येक पदार्थ पाण्याला दाद देत नाहीत. म्हणून कारखान्यांनी पेट्रोलियमपासून आणि इतर रसायनांपासून द्रावके काढली. ती चिकट पदार्थ विरघळवतात, काम झाले की उडून जातात आणि रंग भिंतीवर तेवढा राहतो.

'उडून जातात' हा शब्द आपण किती सहज वापरतो! रंग वाळला म्हणजे द्रावक संपले, असे आपल्याला वाटते. ते संपत नाही. डब्यातून निघून खोलीतल्या हवेत येते आणि त्या हवेत जो श्वास घेतो त्याच्या छातीत जाते.

छातीतून रक्तात, रक्तातून मेंदूत

फुप्फुसात गेलेली ही वाफ काही क्षणांत रक्तात उतरते. द्रावक तेलाच्या जातीचे आणि आपल्या मेंदूत व मज्जातंतूंच्या आवरणात चरबी भरपूर. म्हणून ते तिकडे धाव घेते. डोके जड होणे, चक्कर, मळमळ, झोक जाणे, चिडचिड ही त्याची पहिली लक्षणे. मोकळ्या हवेत गेले की ती बहुधा उतरतात, म्हणूनच माणूस त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो. कातडीवरचे नैसर्गिक तेलही द्रावक धुऊन नेते. मग कातडी कोरडी पडते, फाटते आणि जंतूंना वाट मिळते.

वर्षानुवर्षांच्या संपर्काचे परिणाम प्रत्येक द्रावकाचे वेगळे. बेन्झीन हाडांच्या मगजाला, म्हणजे रक्त तयार होते त्या जागेला, इजा करते आणि रक्ताचा कर्करोग घडवू शकते. औषधांच्या गोळीत बेन्झीनचा अंश दहा लाखांत २ भागांपेक्षा जास्त असू नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक त्यामुळेच आहे.

पण आजच्या विषयासाठी मला हेक्झेनची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. हेक्झेन हे पेट्रोलियमपासून मिळणारे द्रावक. पेंडीतले उरलेले तेल काढायला, चिकट द्रव्यांत आणि छपाईच्या कामात ते वापरतात. चीनमधील सूचौ शहरात मोबाईल फोनचे पडदे बनवणारा एक कारखाना होता. पडदे पुसायला तिथे अल्कोहोल वापरत. २००९ च्या सुमारास अल्कोहोलऐवजी हेक्झेन आले, कारण ते लवकर वाळते आणि तासाला जास्त पडदे पुसून होतात. काही महिन्यांत कामगारांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, पकड सुटू लागली, काहींना चालता येईना. १३७ कामगार बाधित झाल्याचे पुढे जाहीर झाले.

असे का झाले? हेक्झेनमध्ये कार्बनचे सहा अणू एका ओळीत असतात. शरीरात गेल्यावर यकृत त्याला बाहेर घालवण्यासाठी त्यात बदल करते आणि त्या प्रयत्नात एक असे द्रव्य तयार होते की जे मज्जातंतूंच्या आतल्या धाग्यांना चिकटून बसते. सर्वांत लांब तंतू आधी निकामी होतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. आता गंमत पाहा. त्याच ओळीत एक कार्बन वाढवला की हेप्टेन होते. तेही ग्रीस विरघळवते, फक्त थोडे सावकाश वाळते. पण मज्जातंतूंना त्याचा धोका फारच कमी आहे. एका अणूचा फरक! नाकाला तो कळत नाही. हाताला कळत नाही. हिशेबाच्या वहीत दिसतो तो फक्त वाळण्याचा वेळ.

या गोष्टीचे तात्पर्य असे, की एका द्रावकाच्या जागी दुसरे आणताना 'लवकर वाळते का' आणि 'स्वस्त आहे का' हे दोन प्रश्न सगळे विचारतात. 'यकृत याचे काय करील' हा प्रश्न मागून येतो, आणि त्याचे उत्तर कामगाराच्या पायांना द्यावे लागते. हा क्रम उलटा करता येईल का? इथेच पत्रलेखकांच्या पुतण्याचा संगणक उपयोगी पडतो.

संगणकात द्रव कसा मावतो?

संगणकात अर्थातच कोणी थिनर ओतत नाही. तिथे रेणूंचा हिशेब असतो. प्रत्येक अणूला एक लहान गोळा मानतात. त्याचे वजन किती, त्यावर धन की ऋण विद्युतभार, शेजारच्या गोळ्याला तो किती ओढतो किंवा ढकलतो, हे आकडे भरतात. मग न्यूटनच्या नियमाने प्रत्येक गोळा क्षणभरानंतर कुठे असेल ते काढतात. हा क्षण फार बारीक. एका सेकंदाचे दहा लाख भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख, आणि त्यातल्या एकाचे आणखी हजार. एवढ्या वेळाने सगळे गोळे एक पाऊल हलतात. अशी दहा लाख पावले मोजली तरी द्रवाच्या आयुष्यातला एका सेकंदाचा अब्जावा हिस्सा हाती लागतो. पण एसटी स्टँडवरच्या गर्दीचे लागोपाठ फोटो काढले तर कोण कोणाच्या बरोबर आहे, कोणती जोडी सुटत नाही आणि कोण एकटा फिरतो हे जसे कळते, तसे या चित्रांवरून कोणता रेणू कोणाला धरून आहे ते कळते. विरघळणे म्हणजे दुसरे काय? द्रावकाच्या रेणूंनी द्राव्याच्या रेणूला घेरून त्याच्या भावंडांपासून अलग करणे.

ही पद्धत घडवणाऱ्यांत एक नाव आपल्याकडचे आहे, ते आपण लक्षात ठेवायला हवे. अनीसूर रहमान यांचा जन्म १९२७ साली हैदराबादचा. अमेरिकेतील अर्गोन प्रयोगशाळेत असताना १९६४ साली त्यांनी द्रवरूप अर्गॉनच्या ८६४ अणूंची हालचाल संगणकावर मोजून दाखवली. १९७१ साली त्यांनी आणि फ्रँक स्टिलिंजर यांनी २१६ रेणूंचे 'पाणी' संगणकात वाहते केले. एका थेंबात असंख्य रेणू असतात हे खरे, पण २१६ रेणूंनीही पाण्याचे बरेच गुण दाखवले. आज लाखो अणूंचा हिशेब होतो.

दुसरी पद्धत गुणपत्रिकेसारखी आहे. चार्ल्स हॅन्सन यांनी १९६७ साली डेन्मार्कमध्ये रंगांच्या अभ्यासातून प्रत्येक द्रवाला तीन गुण देण्याची रीत काढली. रेणू एकमेकांना साधेपणाने किती ओढतात, विद्युतभाराने किती आणि हायड्रोजनच्या बंधाने किती, हे ते तीन गुण. ज्या दोन पदार्थांचे गुण जवळपास जुळतात ते एकमेकांत विरघळतात. पत्रिका जुळवण्यासारखेच, फक्त ही पत्रिका प्रयोगाने तपासता येते. १९९५ साली जर्मनीच्या आंद्रेयास क्लाम्ट यांनी रेणूच्या पृष्ठभागावरील विद्युतभारावरून असे मेळ काढण्याची अधिक सूक्ष्म पद्धत मांडली. आता हजारो द्रवांची यादी संगणकाला द्यावी आणि म्हणावे, 'ही राळ विरघळवणारे, पण ज्वालाग्राही नसलेले, लवकर न उडणारे आणि ज्ञात विषांच्या घडणीशी न जुळणारे तेवढे निवड.' तांदूळ चाळावेत तशी यादी चाळून निघते. शेवटी उरलेल्या पाच-दहांचीच प्रत्यक्ष बाटली उघडावी लागते.

डॉक्टर म्हणून मला याचे मोल वाटते ते यासाठी, की पूर्वी ही चाळणी माणसांच्या नाकाने आणि फुप्फुसाने होत असे.

आपल्या महाराष्ट्रात

हे सारे परदेशातच चालते असे समजू नये. पुण्यात सी-डॅक संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक बांधला. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांनी रेणूच्या भोवती विद्युतभाराचा प्रभाव कसा पसरलेला असतो, हे संगणकाने काढण्याच्या कामात मोठे नाव मिळवले. १९९३ सालचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. त्याच रसायनशास्त्र विभागात आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पुढे नव्या प्रकारच्या द्रावकांच्या रेणूंचे संगणकी अभ्यास झाले. मुंबईतील १९३३ साली स्थापन झालेली जुनी यूडीसीटी, म्हणजे आजची रसायन तंत्रज्ञान संस्था, हिच्यातही हरित रसायनशास्त्राचे काम अनेक वर्षे चालले आहे. हरित रसायनशास्त्र हे नाव कोणत्या पक्षाचे नव्हे. अमेरिकेच्या पॉल अ‍ॅनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ साली त्याची बारा तत्त्वे मांडली. त्यांतले पाचवे तत्त्व द्रावकांबद्दल आहे. त्याचा आशय एवढाच, की शक्य तिथे द्रावक टाळा, आणि वापरावेच लागले तर निरुपद्रवी वापरा.

आजीची अमृतधारा आणि शेतातला युरिया

नवी द्रावके म्हणजे नेमके काय, ते समजायला घरातलेच उदाहरण घेऊ. भीमसेनी कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल या तिन्ही घन वस्तू आहेत. त्या एका कोरड्या बाटलीत घालून हलवल्या की थोड्या वेळात आपोआप पातळ होतात. पाणी नाही, विस्तव नाही. हीच आपली अमृतधारा. घनाचे द्रव झाले कसे? कापराचे रेणू एकमेकांना धरून नीट रांगेत बसले म्हणजे स्फटिक होतो. ओव्याच्या फुलाचा रेणू मध्ये शिरून कापराच्या रेणूचा हात धरतो. रांग मोडते, पुन्हा जमत नाही आणि मिश्रण द्रवच राहते.

हेच तत्त्व इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठात अँड्र्यू अ‍ॅबट आणि सहकाऱ्यांनी २००३ साली वापरले. कोलीन क्लोराईड हे कोंबड्यांच्या खाद्यात घालायचे जीवनसत्त्वासारखे द्रव्य, ते वितळायला ३०० अंशांवर उष्णता लागते. युरिया १३३ अंशांना वितळतो. पण एक भाग कोलीन क्लोराईड आणि दोन भाग युरिया एकत्र केले की मिश्रण १२ अंशांपर्यंत द्रव राहते. म्हणजे लांज्याच्या हवेत ते बारा महिने पातळच. ते जवळजवळ उडत नाही, भडकत नाही आणि कित्येक क्षार व धातूंची संयुगे विरघळवते. संगणकावर पाहिले तेव्हा कळले, की क्लोराईडचा आयन युरियाच्या हायड्रोजनांना धरून ठेवतो आणि युरियाला आपली रांग जमवू देत नाही. कोण कोणाला धरतो हे एकदा समजले, की पुढची जोडी अंदाजाने न निवडता हिशेबाने निवडता येते.

लाकडातल्या सेल्युलोजपासून केलेले 'सायरीन' हे असेच एक द्रावक. गर्भाला धोका करणारी काही जुनी द्रावके उद्योगात फार वापरात आहेत. सायरीनचे गुण त्यांच्या गुणांशी ताडून पाहता बरेच जुळतात, असे इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली दाखवले.

संगणकाला काय कळत नाही

आता दुसरी बाजू. मी औषधांच्या जाहिराती पाहत आलो आहे, त्यामुळे 'हरित', 'नैसर्गिक', 'निर्धोक' असे शब्द दिसले की थोडा थबकतो. वाचकांनीही थबकावे.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी 'आयनिक द्रव' नावाच्या द्रावकांचा फार गाजावाजा झाला. ते क्षाराचेच, पण साध्या तापमानाला पातळ. त्यांची वाफ जवळजवळ होत नाही, म्हणून हवा स्वच्छ राहते आणि म्हणून ते हरित, असा युक्तिवाद होता. फुप्फुसापुरता तो बरोबर होता. परंतु त्यांतले लांब शेपटीचे काही रेणू पाण्यातल्या जिवांना विषारी निघाले आणि ते सहज कुजतही नाहीत. वाफ होत नाही म्हणजे ते नाहीसे होत नाही; हवेऐवजी पाण्यात जाते एवढेच. संगणकाला हवेचा प्रश्न विचारला होता, त्याने हवेचे उत्तर दिले. खाडीतल्या माशाचा प्रश्न आधी विचारलाच नव्हता.

कोलीन क्लोराईडचेही तसेच. युरियाऐवजी एथिलीन ग्लायकॉल घातले तरी छान द्रावक होते आणि तेही हरित म्हणून गणले जाते. पण एथिलीन ग्लायकॉल पोटात गेले तर मूत्रपिंड निकामी करते. आपल्या अमृतधारेतला कापूरही तान्ह्या मुलाच्या पोटात गेल्यास झटके आणतो. नैसर्गिक असणे हा निर्धोकपणाचा दाखला नव्हे.

विषाचा अंदाज संगणक करतो तो पूर्वीच्या अनुभवावरून. अमुक घडणीच्या रेणूंनी पूर्वी अमुक इजा केली, म्हणून हाही करील, असा तो तर्क. ज्या घडणीचा अनुभवच नाही तिथे तर्क लंगडा पडतो. म्हणून संगणकानंतर पेशींवरची, पाण्यातल्या जिवांवरची आणि प्रत्यक्ष कामाच्या जागेची तपासणी राहतेच. संगणक चाळणी आहे, निवाडा नव्हे.

आणि एक गोष्ट कोणताच संगणक अडवू शकत नाही, ती म्हणजे भेसळ. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रावक मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. तरीही २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधातून हेच विष गेले आणि वीसहून अधिक मुले मूत्रपिंड निकामी होऊन मरण पावली. औषध कोणते ते आपण बाटलीवर वाचतो. ते कशात विरघळवले आहे ते कोण वाचतो? सिरपच्या बाटलीत औषध चिमूटभर आणि बाकीचे सारे द्रावकच असते. तिथे पिंपाची प्रामाणिक तपासणी लागते. तिला पर्याय नाही.

आपल्या जिल्ह्याचा प्रश्न

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यात लोटे परशुराम हे रासायनिक कारखान्यांचे मोठे क्षेत्र आहे. आपल्या भागातील कितीतरी घरांतले तरुण तिथे किंवा महाड, तारापूरला नोकरीस आहेत. औषधनिर्मितीत वापरल्या जाणाऱ्या मालात वजनाने निम्म्याहून अधिक भाग द्रावकांचाच असतो. म्हणजे कामगाराच्या छातीत काय जाईल आणि सांडपाण्यात काय उतरेल, हे बव्हंशी द्रावकाच्या निवडीवर ठरते. दाभोळच्या खाडीकाठचे मच्छीमार दूषित पाण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे करत आले आहेत. कारखाने नकोत असे मी म्हणत नाही. माझ्या टेबलावरच्या गोळ्याही कोणत्या तरी कारखान्यातच तयार होतात. पण पुण्या-मुंबईत संगणकावर होणारी निवड कारखान्याच्या टाकीपर्यंत पोचली पाहिजे, आणि निवडीच्या प्रश्नपत्रिकेत पहिला प्रश्न माणसाच्या शरीराचा असला पाहिजे. कारखान्यात काम करणाऱ्या मुलांनी आपण हाताळतो त्या द्रावकाची सुरक्षा माहितीपत्रिका मागून वाचावी. ती मागणे हा उद्धटपणा नव्हे.

तोपर्यंत घरी आणि कामावर

नवी द्रावके लांज्याच्या हार्डवेअरच्या दुकानात येतील तेव्हा येतील. आज करता येण्यासारखे एवढे:

१. रंगकाम, पॉलिश करताना समोरासमोरच्या दोन खिडक्या किंवा दारे उघडी ठेवा. पंखा हवा बाहेर ढकलेल असा लावा. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. त्यासाठी कोळशाच्या डबीचा मास्क लागतो.

२. रंगवलेल्या खोलीत पहिले काही दिवस गरोदर बाई, तान्हे मूल किंवा दमेकरी यांना झोपवू नका.

३. हाताचे ग्रीस पेट्रोलने किंवा थिनरने धुऊ नका. आधी थोडे खोबरेल किंवा कोणतेही खाद्यतेल चोळा, कापडाने पुसा, मग साबण लावा. फणसाच्या चिकाचाच हा नियम.

४. टर्पेंटाईन, थिनर, रॉकेल कधीही पाण्याच्या अथवा शीतपेयाच्या बाटलीत ठेवू नका. मुलाने प्यालेच तर उलटी करवू नका. घशात बोट नको, मिठाचे पाणी नको, दूध नको. उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा. मूल बरे दिसले तरी न्याच, कारण धाप काही तासांनीही लागू शकते.

५. हातापायांना मुंग्या, पकड सैल होणे, वारंवार डोके दुखणे यासाठी डॉक्टरांकडे गेलात तर आपण काय काम करता, ते आधी सांगा. रक्तदाब, साखर आम्ही तपासतोच. पण डब्यातल्या द्रावकाचे नाव तुम्ही सांगितल्याशिवाय आम्हाला कळत नाही. डब्याचे लेबल फाडून आणलेत तर उत्तम.

६. लहान मुलांना खोकल्याचे औषध स्वतःच्या मनाने, दुसऱ्याच्या चिठ्ठीवर आणि पावतीशिवाय घेऊ नका. चार वर्षांखालील मुलाला तर मुळीच देऊ नका.

डोकेदुखीची गोळी मी लिहून देईन, पण खिडकी उघडण्याचे काम ती करू शकत नाही. ते ज्याचे त्यानेच करायचे आहे, आणि आजच्या कामापासूनच करायचे आहे.